सेतूचं जड गाणं

शनिवारी सकाळी टिफिन आटोपलं की सेतू माझ्या दारात येतो, चपला काढतो आणि विचारतो, "अक्का, देव उतरवू का?"

मी म्हणते, "उतरव."

मग तो स्टुलावर चढतो. त्याच्या आणि माझ्या घरामधे एकच भिंत, आणि त्या भिंतीवर माझे सगळे देव. व्यंकटाचलपती, लोणी खाणारा कृष्ण, मारियम्मा, आणि त्यांच्या शेजारी हार घातलेले आमचे हे. सेतू एकेक फोटो काढतो, काच टॉवेलानं पुसतो, माझ्या खाटेवर उताणा निजवतो. सगळ्यांवर एक जुनी वेष्टी, नेसायचं पांढरं धोतर, पांघरतो. माझ्या नवऱ्याला सर्वांत शेवटी काढतो. "अण्णा, जरा पडा," असं त्यांना सांगतो. मग आपल्या घरी जाऊन गाणं लावतो.

पहिल्यांदा लावलं तेव्हा देव उतरवायचं कोणाला सुचलं नव्हतं. मारियम्मा धाडकन खाली आली. मला वाटलं राजवाड्याचा एखादा बुरूज ढासळला. मी बाहेर आले तर सगळी गल्ली बाहेर. सेतू तेवढा घरात, डोळे मिटलेले, हात वर केलेला, आणि म्हणतो, "थांबा, थांबा. येतंय."

हे 'येतंय' त्याच्या तोंडचं. काय येतंय ते मला बारा वर्षांत कळलं नाही. एकदा गडगडतं, मग माणसाचं एक जेवण होईल एवढा वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा गडगडतं. सेतूचा चेहरा असा होतो जसा रथ कोपऱ्यावर वळताना पुढल्या लोकांचा होतो.

मी रुक्मा. वय सत्तर आणि वर सहा. शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. सेतूमाधव माझ्या सासूच्या माहेरचा, लांबचा. कालव्याच्या खात्यात होता. नोकरी काय, तर दरवाज्याजवळ बसायचं, पाणी किती चढलं किती उतरलं बघायचं आणि वहीत लिहायचं. तीस वर्षं त्यानं पाणी बघितलं. म्हणून त्याला कशाची घाई नाही. दोसा तव्याला लागला, मी ओरडले, तरी म्हणतो, "घाई काय आहे, अक्का?"

लग्न झालं नाही. आई चौदा वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं यानंच केलं. कोणी मुलगी सांगून आली की म्हणायचा, घाई काय आहे. आई गेली तेव्हा याचे केस पांढरे. मग एके दिवशी वेष्टी नेसलेला हा माणूस दोन कपाटाएवढे स्पीकर सायकल रिक्षातून घेऊन आला.

"काय रे हे?"

"डूम मेटल, अक्का."

"म्हणजे?"

"डूम म्हणजे सर्वनाश."

"त्याला गाणं कशाला? तो गाण्याशिवाय येतो की."

तर हे गाणं करणारी माणसं जगभर आहेत. मोठ्या कंपनीतली नव्हेत. कोणी रात्रपाळीचा गुरखा, कोणी ट्रक चालवणारा, घराच्या तळघरात बसून वाजवतात, शंभर कॅसेटी काढतात आणि त्यातली एक सेतूला पाठवतात. कारण सेतू त्यावर इंग्रजीत लिहितो. कम्प्युटरवर त्याचं एक पान आहे, तिथं. पोस्टमन पाकीट देताना एका कोपऱ्याला धरून देतो. वर बकरीचं डोकं, कवटी, मोडकं देऊळ. एकदा विचारत होता, "सार मंत्रतंत्र करतात का?" मी म्हटलं, "नाही अप्पा, पेन्शन घेतात."

या कॅसेटी ठेवल्यात कुठं, तर आईच्या कोलूच्या पायऱ्यांवर. नवरात्रात बाहुल्या मांडायच्या नऊ लाकडी पायऱ्या असतात ना, त्या. घरात मांडणारी बाई राहिली नाही, तर सेतूनं त्या बाराही महिने मांडून ठेवल्या आणि वर कवट्या बसवल्या. सर्वांत जड गाणं सर्वांत खाली. नवरात्रात मात्र सगळ्यांत वरची पायरी रिकामी करतो, तिथं आईच्या लाकडी राजाराणीला बसवतो, राणीला नवं पातळ गुंडाळतो. हरभऱ्याचं सुंडल खायला आलेल्या बायका राजाराणीला नमस्कार करतात आणि खाली नजर जाऊ देत नाहीत.

या लिहिण्यात मी कशी आले ते सांगते. सेतूचे शब्द संपले. "सगळे लिहितात डोंगरासारखं, बर्फासारखं. मी डोंगर कुठं बघितलाय, अक्का? तू ऐक आणि हे कशासारखं ते सांग."

मी बसले. धुम्... धुम्. कसला तरी राक्षस आंघोळीला गेल्यासारखा ओरडत होता. पण खालचा तो ठोका मला ओळखीचा वाटला.

"अप्पळाचं पीठ," मी म्हटलं.

मी सत्तावीस वर्षांची असताना हे गेले. दोन मुली, मोठी पाच वर्षांची. शिकलेली नाही, तर काय करणार? अप्पळं, वडाम, म्हणजे पापड-सांडगे करून विकायचे. उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं, तेल लावायचं आणि लोखंडी मुसळानं कुटायचं. सकाळी उठून दोन तास. हात उचलताना घाई केली तर दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून मुसळ उचलायचं, वर जरा थांबायचं, मग सोडायचं. धुम्. तीस वर्षं कुटलं, दोन मुलींची लग्नं त्यातच झाली. त्यात रडण्यासारखं काही नाही, काम होतं. पण तो ठोका कानात बसला तो बसला. आणि ही लांबच्या देशातली पोरं तोच ठोका धरून बसली होती, पीठ नसताना.

सेतूनं ते तसंच्या तसं लिहिलं. पहाटे कोणी विधवा उडदाचं पीठ कुटते तसं हे गाणं आहे, असं. त्या पोरांनी म्हणे वाचलं आणि ती रडली. पुढच्या कॅसेटीवर ते वाक्य छापलं, खाली माझं नाव, तंजावूरची रुक्माक्का. रेशन कार्ड सोडलं तर माझं नाव छापलेलं ती एकच जागा. शेजारी बकरीचं डोकं आहे.

तेव्हापासून सेतू दर शनिवारी विचारतो आणि मी सांगते. "हे गिरणीचा पट्टा तुटलाय." "हे ओल्या मातीत रुतलेला रथ, ओढणारे जेवायला गेलेत." "हे काही नाही रे, याला नुसतं पोट बिघडलंय." शेवटचं लिहिलं तेव्हा त्या माणसाचं रागाचं पत्र आलं. सेतूनं उत्तर दिलं, माझ्या अक्कानं तीस वर्षं पीठ कुटलंय, ती चुकणार नाही.

हे शनिवारचं झालं. रविवारचं वेगळं.

रविवारी देव उतरवायला लागत नाहीत. रविवारी सकाळी सेतू आंघोळ करून, धुतलेली वेष्टी नेसून कम्प्युटरसमोर बसतो. तिकडे कॅनडात एक माणूस आहे, साठीचा असेल, दाढी, कोपराला फाटलेला स्वेटर. लाकडी खोपटात पायानं भाता मारायची जुनी पेटी घेऊन बसतो आणि वाजवतो. आमच्याकडे रविवारची सकाळ, त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ. तो वाजवतो ते तिथल्या तिथं इथं दिसतं. वाजवतो म्हणजे काय, एक पट्टी दाबतो आणि धरून बसतो. दहा मिनटांनी दुसरी दाबतो. असं तीन तास.

मी एकदा ऐकलं. म्हटलं, "सेतू, श्रुतिपेटी लागलीय. गवई कधी येणार?"

"गवई नाही, अक्का. हे एवढंच."

आमच्या इथं गवयांचं गाव, तिरुवैयारु, अर्ध्या तासावर. गवई म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. श्रुति लावून गवई न आलेलं हे पहिलंच बघितलं.

"आणि हे ऐकायला किती माणसं?"

सेतूनं पडद्यावर खाली बोट दाखवलं. तिथं आकडा होता. आकडा मला वाचता येतो. एक.

"हा एक कोण?"

"मी."

मग हळूच सांगितलं. सुरुवातीला वीसेक माणसं होती, मग पाच, मग दोन. दोन वर्षं झाली, हा एकटाच. तो कॅनडावाला एकदा बोलला होता, कोणी एक जरी असेल तोवर मी वाजवीन, शून्य झालं की पेटी झाकून ठेवीन. "मी उठलो तर तिथं शून्य होतं, अक्का. त्याला समोर दिसतं. माणूस वाजवतोय आणि समोर शून्य."

दोन वर्षांत सेतू एका रविवारी उठला नाही. ताप होता तेव्हा कांबळं पांघरून बसला. एकदा दारावर सोयरे आले, त्यांना माझ्या घरी कॉफी पाजली. आणि मग त्याच्या बहिणीनं, सरसूनं, मुलीचं लग्न काढलं. पापनाशमला. मुहूर्त रविवारी सकाळी.

सेतू गेला आणि विचारून आला, सोमवार चालेल का.

सरसू तशीच बसनं इथं आली. माझ्या ओसरीवर उभी राहून बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "अण्णा, तुझं डोकं जागेवर आहे का? भाचीला मांडवात कोण आणणार? हार घालताना खांद्यावर कोण घेणार? तुझा तो कॅनडावाला येणार का?"

"फोनवर लावून कमरेला खोचतो. ऐकत ऐकत..."

"त्या हॉलमधे फोन लागत नाही! आणि लागला तरी मामाच्या कमरेतून घूं घूं ऐकत मी मुलीचं लग्न लावू?" मग माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्हीच सांगा. बारा वर्षं वजन वजन करतोय. हे जड, ते जड. आता एक मुलगी उचल म्हटलं तर पळतोय."

भाची चांगली भरलेली आहे. सेतू म्हणजे छत्रीची काडी. तो खाली बघत म्हणाला, "उचलतो की. मी कुठं नाही म्हटलं?"

सरसू गेल्यावर तो माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मी शेंगा मोडत होते.

"अक्का, तू बसशील?"

"कुठं?"

"माझ्या जागी. रविवारी."

"यंत्र चालू ठेवून जा की. आकडा राहील."

तो असा बघायला लागला जसं मी देवळातला दिवा विझवायला सांगितलं. "रिकाम्या खुर्चीला माणूस म्हणून दाखवायचं? खोटं होईल ते. आणि यंत्र मधे मधे विचारतं, आहात का म्हणून. कोणी दाबलं नाही तर बंद होतं."

मी तशी लग्नाला जातच नाही. हे गेल्यावर पहिल्या पहिल्यांदा गेले, तर मांडवात बायका जरा सरकून उभ्या राहायच्या. बोलायचं कोणी नाही, नुसतं सरकायचं. मग मी मागं स्वयंपाकाच्या बाजूला राहायला लागले, भाज्या चिरायला. आता तसं कोणी करत नाही, पण पायांना मांडवाची सवय राहिली नाही. म्हणून म्हटलं, "बसते. जा तू."

तीन दिवस त्यानं माझी तालीम घेतली. विचारणारी चौकट आली की कुठलं बटण दाबायचं, त्या बटणाला कुंकवाचा ठिपका लावला. "बाकी कशाला हात लावू नको. करंट गेला तर बॅटरी आहे. घाबरू नको." मग तो ठिपका स्वतःच चारदा दाबून बघितला.

रविवारी तो पहाटेच्या बसनं गेला. मी आंघोळ केली, मुलीनं दिलेलं निळं रेशमी काढलं, नेसले. कॉफी केली तर एकटीनं कशी प्यायची, म्हणून दोन टंबलर नेले, एक पडद्यापुढं ठेवला. सात वाजता खोपटं दिसलं, तो दाढीवाला आला, पेटीशी बसला. खाली आकडा एक.

आता तो एक म्हणजे मी. तर मला वाटलं तो मला बघतोय. आकडा दिसतो म्हणजे माणूस दिसणारच की! मी ताठ बसले. पदर दोन्ही खांद्यांवर. नाक खाजलं तरी खाजवलं नाही. परक्या पुरुषासमोर पाय कसा पसरणार? गुडघा ठणकायला लागला. तो एक पट्टी धरून बसला होता आणि मी श्वास धरून. दोनदा चौकट आली, दोनदा ठिपका दाबला.

तासाभरानं टीचर मामी आली. समोरच्या घरात राहते, शाळेत इंग्रजी शिकवायची, आता गल्लीला शिकवते. शनिवारी सेतूशी भांडायचं, हे तिचं पेन्शनीतलं काम. आज कालचं राहिलेलं बोलायला आली असावी.

"काय रे सेतू, काल माझ्या दुधात लाटा..." आणि मला बघून थांबली. "रुक्माक्का? तुम्ही? हे काय, पट्टुपुडवे नेसून? फोटो काढताय?"

मी ओठ न हलवता म्हटलं, "हळू बोला. तो बघतोय."

"कोण?"

"तो."

मामी पडद्याकडे बघते, माझ्याकडे बघते, त्या दुसऱ्या टंबलरकडे बघते. मग पोट धरून सेतूच्या खाटेवर बसली. "अय्यो अक्का! त्याला तुम्ही दिसत नाही हो! त्याला नुसता आकडा दिसतो!"

मी आधी पाय पसरले. मग नाक खाजवलं. मग त्याची कॉफी मीच प्याले, गार झाली होती.

मामीला सगळं सांगितलं. सेतू का बसतो, शून्य झालं तर काय. "दोन वर्षं?" म्हणाली. मग आपला फोन काढला, काहीतरी शोधलं, आणि पडद्यावरचा आकडा बदलला. दोन.

"हे तुम्ही केलंत?"

"बघते तरी काय आहे."

तिकडे दाढीवाल्याची नजर खाली गेली. पेटीचा सूर थांबला. तो पुढं वाकला, डोळे बारीक करून बघितलं, आणि ताडकन उठून खोपट्यातून निघून गेला.

नुसतं स्टूल राहिलं.

सेतूनं दोन वर्षं सांभाळलेला माणूस, आणि माझ्या हातात दिल्यावर तासाभरात गेला. "मामी, काय केलंत हे?"

"मी बंद करते फोन, थांबा..."

"नको! बंद केलात तर त्याला वाटेल एक जण उठून गेला!"

दोघी तशाच. मामी फोन हातात धरून, जशी काही गरम भांडं धरलंय. पाच मिनटं झाली, सात झाली. मी सेतूला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. आणि दार उघडून तो आला. स्वेटर नव्हता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस ओले करून विंचरलेले.

"मुलगी बघायला आलेत असं वाटलं त्याला," मामी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेनाच.

तो पुन्हा वाजवायला बसला. मग एका हातानं पट्टी धरून दुसऱ्या हातानं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर बाजूला अक्षरं आली. मामीनं चष्मा पुसला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, नवीन माणसाला नमस्कार. आणि... विचारतो, माझा नेहमीचा एक आहे ना? तंजावूरचा?"

मी म्हटलं, "त्याला माहीत आहे?"

"दिसतंय तर. काय लिहू?"

"खरं लिहा. भाचीच्या लग्नाला गेलाय, मामा आहे म्हणून. त्याच्या जागी त्याची अक्का बसलीय."

मामीनं लिहिलं. त्यानं वाचलं, मान हलवली. मग पुष्कळ वेळ लिहीत होता. मामी हळूहळू वाचून सांगत होती, शाळेत धडा सांगायची तसं, एकेक वाक्य.

"म्हणतो, बरं झालं, घाबरलो होतो. म्हणतो, माझी बोटं सुजतात. सांधे. गेल्या थंडीपासून हे रविवारचं... नाही, त्याचा शनिवार... हे सोडून द्यायचं मनात आहे." मामी थांबली.

"पुढं?"

"पण तो तंजावूरचा माणूस दर वेळी येतो. कधी चुकत नाही. एकटा असणार. मी बंद केलं तर तो कुठं जाईल, म्हणून वाजवतो."

पेटी चालली होती. मी सेतूच्या खोलीकडे बघितलं. एक खुर्ची, एक खाट, दांडीवर एक टॉवेल. आई गेल्यापासून या घरात दुसरी खुर्ची आलीच नव्हती. माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. भिंत तर एकच आमची.

मामी म्हणाली, "आता? सेतूला सांगायला पाहिजे ना? त्याचे हात दुखतात बिचाऱ्याचे."

मी विचार केला. सेतूला सांगितलं तर तो त्याच मिनटाला लिहील, माझ्यासाठी नको, तुम्ही विश्रांती घ्या. तिकडून कॅनडावाला म्हणेल, नको नको, तुम्हीच मोकळे व्हा. दोघेही एवढे चांगले की दोघेही उठून जातील. मग तो तिकडे खोपट्यात आणि हा इकडे या खुर्चीवर.

आणि हात दुखणं मला माहीत आहे. माझा अंगठा अप्पळं लाटून वाकडा झालाय तो सरळ होत नाही. हात दुखले म्हणून मी थांबले नाही. पण दुखरा हात वापरायचा कसा, हे शिकावं लागतं.

"मामी, त्याला विचारा, एकच सूर दहा मिनटं धरायचा तर बोट कशाला पाहिजे?"

"म्हणजे?"

"पट्टीवर वजन ठेव म्हणावं. बत्ता, दगड, जे असेल ते. पायानं भाता मारतोय ना, तेवढं पुरे. हात मांडीवर ठेव आणि बस."

मामीनं मला एकदा बघितलं आणि लिहिलं. त्यानं वाचलं. इकडे तिकडे शोधलं. खिडकीत एक लोखंडी पाना पडला होता, तो उचलला आणि हळूच पट्टीवर ठेवला. बोट काढून घेतलं.

सूर तसाच चालू राहिला.

त्यानं दोन्ही हात वर उचलून समोर धरले, उलटे करून बघितले, आणि हसला. त्याचे खालचे दोन दात नाहीत, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी सेतू आला. खांदा एका बाजूला झुकलेला, हातात तांबूलाची पिशवी. भाचीला उचललं होतं तर. दारातूनच विचारलं, "आकडा?"

"खाली गेला नाही."

तो ओसरीवर बसला. मग लग्नाचं सांगायला लागला, पायसम कसं होतं, नवरा मुलगा कसा घामाघूम झाला. मी सगळं ऐकलं. मामी आपल्या दारात उभी होती, माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. आम्ही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून हाक आली. "अक्का! अक्का, लवकर ये!"

गेले तर सेतू खुर्चीवरून अर्धा उठलेला. "बघ! पट्टीवर पाना! त्यानं हात काढून घेतले, अक्का! स्वतःला गाण्यातून काढून घेतलं! केवढा विचार आहे यामागं!"

"हो का?" मी म्हटलं.

त्या पान्यावर सेतूनं चार पानं लिहिली. मामीनं मला वाचून दाखवली. दोन दिवस हसून हसून आलेलं पाणी पुसायला तिला पदर पुरत नव्हता.

"आणि आकडा बघ," सेतू म्हणत होता. "दोन. दुसरा कोणीतरी कायमचा आलाय. कोण असेल? कुठल्या देशातला असेल?"

समोरच्या घराच्या खिडकीत मामी तांदूळ निवडत होती. तिचा फोन उभा करून ठेवला होता, आवाज बंद.

"असेल कोणी," मी म्हटलं. घरी गेले आणि माझी लाकडी खुर्ची उचलून आणली. सेतू धरायला धावला. "अक्का, कशाला ओढत आणलीस? परत नेताना मी..."

"परत न्यायची नाही," मी म्हटलं. "इथंच राहू दे."

आता रविवारी मी तिथं बसते, शेंगा मोडत. सेतू मधेच बोट वर करतो, मी मोडायची थांबते. खाली दोन दाखवतं. मी धरून तीन, पण ते यंत्राला मोजता येत नाही.